जमीन बेस खाते

लातूरला माझ्या घरी बाहेरच्या खोलीत, चपलांच्या रॅकवर, एक काळी लोखंडी पेटी ठेवलेली आहे. पुढच्या अंगाला ओळीने फिरवायची बटणं, मागच्या अंगाला वायरी खोचायच्या जागा आणि एक छोटा पंखा. येणारा प्रत्येक पाहुणा तिला स्टॅबिलायझर समजतो. एका विमा एजंटाने तर बॅटरी कुठे आहे ते पाहायला रॅकच्या मागे डोकं घातलं होतं. पूर्वी मी समजावून सांगत असे, की हे बेस गिटारच्या ॲम्प्लिफायरचं हेड आहे, स्पीकरचा खोका वेगळा असतो, तो जोडल्याशिवाय हे मुकंच. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून मी ते सोडून दिलं. हल्ली मी 'हो, स्टॅबिलायझर' म्हणते आणि चहा टाकायला उठते.

ज्यांचं ते होतं त्यांनी पाहुण्याला असं सोडलं नसतं. खाली बसवलं असतं, एकेक बटण दाखवलं असतं, आणि पाहुण्याची पुढची गाडी हमखास चुकली असती.

त्यांना सगळे चाचा म्हणत. नांदेडच्या जुन्या गावात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील, आजोबा, सगळ्यांनी त्याच गादीवर बसून बायकांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या. चाचा दिवसभर बांगड्या भरायचे आणि संध्याकाळी आमच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचे. पार्टी माझ्या मोठ्या भावाची. दादा गायचा, मी की-बोर्डवर, शिवाय ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कोरसला दोघी. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत कार्यक्रम एकाला एक लागून असत, आणि एरवीही कुठे विहाराचं उद्घाटन, कुठे कुणाच्या रिटायरमेंटचा सत्कार. मी तेव्हा नांदेडच्या एका शाळेत शिकवत होते. लग्न होऊन लातूरला आले ते पुढे, पण सुट्टीच्या दिवशी कार्यक्रमाला जाणं काही सुटलं नाही.

बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि तिचा आवाज ऐकणाऱ्याला वेगळा असा सापडत नाही. कार्यक्रम संपला की लोक दादाच्या हातात हात द्यायचे, ढोलकीवाल्याबरोबर फोटो काढायचे आणि चाचांना विचारायचे, "तुमी काय करता पार्टीत?" दुसरा कुणी खट्टू झाला असता. चाचा झाले नाहीत, कारण पार्टीतले मुख्य कलाकार आपणच आहोत याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. "गाणारा भिंत हाय," ते म्हणत, "मी पाया हाय. पाया दिसायला लागला म्हंजे घर पडायला आलं समजा." दादासमोरही म्हणत. दादा तेवढ्यापुरता बहिरा व्हायचा.

ही मशीन त्यांनी हैदराबादहून आणली होती, कुणाची तरी वापरलेली. मशीन म्हणायचं, डबा म्हणायचं नाही. ऑक्टोपॅडवाला एकदा डबा म्हणाला, तर चाचांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि त्याला काही सांगायचं झालं तर ते माझ्यामार्फत सांगू लागले. मशीनला मखमली गवसणी होती, मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या कापडाची, चाचींनी शिवलेली आणि कडेने गोटा लावलेली. आमच्या क्रूझरमध्ये पुढच्या सीटवर चाचा, चाचांच्या मांडीवर मशीन, आणि दोघांना मिळून एक बेल्ट. दादा पार्टीचा मालक, पण तो मागे ढोलकीला टेकून बसायचा. खड्डा आला की चाचा दोन्ही तळहात मशीनवर ठेवत आणि ड्रायव्हरकडे अशा नजरेने बघत, की तो पुढच्या खड्ड्याचीही आधीच माफी मागायचा.

त्या बटणांना प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या ओढल्या की निघतात. चाचा चहाला निघाले की सगळ्या टोप्या काढून कुर्त्याच्या खिशात टाकत. मागे राहायच्या नुसत्या लोखंडी काड्या. "कुणाच्या हाताला खाज सुटली तर?" एवढंच त्यांचं उत्तर. एकदा अर्धापूरला पाहुणे वेळेच्या आधी आले, दादाने माईक हातात घेतला, आणि चाचा टोप्यांसकट गायब. मशीन नुसतीच घरघरत होती, ती बारीक करायला दादाने घाईघाईने साउंडवाल्याकडची पकड घेतली आणि एका काडीला लावली. तेवढ्यात चाचा मंडपाच्या तोंडाशी येऊन उभे. हातात चहाचा ग्लास. ते ओरडले नाहीत. येऊन त्यांनी दादाच्या हातातून पकड घेतली, ती साउंडवाल्याला परत दिली, खिशातून टोप्या काढल्या आणि त्यातली सुपारीची खांडं वेगळी करत बसले. ते काम त्यांनी इतकं सावकाश केलं, की पाहुण्यांचं स्वागत, त्यांचं मनोगत आणि आभार, सगळं उरकलं.

मला मात्र ते एकेक बटण शिकवायचे. मी न विचारता. गिटारची वायर जिथे खोचतात त्याच्या शेजारी गेन, आणि दुसऱ्या टोकाला मास्टर. दोन्हींनी आवाज वाढतो, मग दोन कशाला, असं मी विचारलं.

"गेन म्हंजे भूक, बेटी, आन मास्टर म्हंजे ताट. भूक लई आन ताट चिमुकलं, तर घरात भांडण. भूक न्हाई आन ताट गच्च, तर अन्न वाया."

"आणि ही लाल लाइट?"

"भुकेच्या वर खाल्लं की लागती. मशीन रडून राहिली समजायचं."

मधली चार बटणं म्हणजे बेस, लो-मिड, हाय-मिड आणि ट्रेबल. त्यांची चाचा घरातल्या माणसांसारखी वर्णनं करायचे. बेस म्हणजे म्हातारा, बसल्या जागेवरून उठत नाही. ट्रेबल म्हणजे नवीन सून, तिचं पैंजण तेवढं ऐकू येतं. लो-मिड म्हणजे घरातला भांडखोर, त्याला दाबून ठेवावं लागतं. हाय-मिडबद्दल ते दर वेळी वेगळं सांगत, म्हणजे ते त्यांना स्वतःलाच नीट कळलं नसावं. सगळ्यात प्रेम म्यूटच्या बटणावर. गाणं संपलं की म्यूट, पुढचं सुरू व्हायच्या क्षणी पुन्हा चालू. कुणाचं भाषण लांबलं की ते त्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत. "हे एक बटन अल्लामियाँकडून माणसाला द्यायचं राहून गेलं."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आमच्या नाकी नऊ आणले ते त्यांच्या मातीच्या सिद्धांताने.

चाचांचं म्हणणं असं, की जमीन बेस खाते. कोणती जमीन किती खाते ते ओळखून मशीन लावावी लागते. काळी माती सगळ्यात खादाड. अर्धापूरकडे केळीच्या बागांना पाणी देऊन देऊन जमीन मऊ झालेली, तिथे आवाज खाली मुरतो. जळकोटकडे मुरूम, तो आवाज घेत नाही, फेकून देतो. कंधारला खाली काय आहे याची खात्री नाही, कारण किल्ल्याचे दगड कुठवर गेलेत कुणाला ठाऊक. गावात पोचल्यावर बाकीचे हातपाय धुवायचे आणि चाचा स्टेजच्या मागे जाऊन टाच आपटून बघायचे. चप्पल काढायचे, पुन्हा आपटायचे. चिमूटभर माती उचलून बोटांत चोळायचे. मग मशीनसमोर उकिडवे बसायचे आणि बटणं फिरवायला लागायचे. केसभर इकडे, एक स्वर, केसभर तिकडे, पुन्हा एक स्वर. बांगडी भरताना जसं ते हात दाबून, अंगठा आत मुडपून, घाई न करता बांगडी पुढे सरकवत, तसंच. पाऊण तास जायचा. कधी तासही.

मी एकदा म्हटलं, "चाचा, आपण तर लाकडी स्टेजवर उभे आहोत. खालची माती काय करणार?"

"स्टेज कशावर उभा हाय?" ते म्हणाले.

रात्री दहाला माईक बंद करावा लागतो. पोलीस समोर येऊन उभे राहतात. आमचा कार्यक्रम सातला ठरलेला असला तरी भाषणं संपून आमच्या हातात स्टेज यायला आठ व्हायचे, आणि त्यातला पाऊण तास मातीत जायचा. म्हणजे चार-पाच गाणी गेली. आयोजक दादाला बोलायचे, दादा दात खात चाचांकडे बघायचा, चाचा हात वर करून म्हणायचे, "जरा सबर." दादा आतल्या आत धुमसत होता हे मला दिसत होतं. त्याच्याही बाजूने खोटं काही नव्हतं. लोक त्याचं गाणं ऐकायला दुरून आलेले असत, आणि स्टेजवर काय, तर एक माणूस पेटीसमोर उकिडवा.

त्याचा स्फोट व्हायला निमित्त झालं साउंडवाल्याचं. हा आमचा नेहमीचा माणूस, सगळ्या स्टेजचा आवाज ज्या मिक्सरमधून मंडपातल्या मोठ्या स्पीकरला जातो तो मिक्सर सांभाळणारा. अर्धापूरलाच एका कार्यक्रमानंतर दादा त्याच्यापुढे कुरकुर करत होता, की इतका वेळ घेतो हा माणूस, पण निदान लोकांना बेस चांगला ऐकू येतो.

साउंडवाला हसायला लागला. "दादा, त्यांची बटनं लोकांना कुठं ऐकू येतात?"

"म्हणजे?"

त्याने आम्हाला मशीनच्या मागे नेलं. तिथून एक वायर मिक्सरकडे जाते आणि तिच्या खाचेशेजारी एक बारीक बटण आहे. ते एका बाजूला असलं, त्याला प्री म्हणतात, की गिटारचा आवाज जसा आला तसाच मिक्सरला जातो, पुढच्या बटणांचा त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पोस्टला, की सगळी बटणं फिरून झालेला आवाज जातो. "पहिल्याच दिवशी मी ते प्रीला केलं," साउंडवाला म्हणाला. "आजपर्यंत तसंच हाय. चाचा फिरवून राहिले ते फक्त स्टेजवरच्या त्यांच्या खोक्यात वाजतं. मंडपात न्हाई."

थोडक्यात, इतकी वर्षं अर्धापूरची माती, जळकोटचा मुरूम आणि कंधारचे दगड यांचा जो काही बंदोबस्त चाचांनी केला, तो त्यांच्या स्वतःच्या दोन हातांच्या परिसरात झाला होता.

दादा हसला नाही. तो म्हणाला, "बस झालं मग. पुढचा कार्यक्रम जळकोटला. स्टेज हातात आलं की पहिलं गाणं सुरू. चाचांची मशीन लागली तर लागली. नाही लागली तर ते खाली बसतील, त्या दिवशी आणि पुढेही. बेस तू डाव्या हातानं वाजव." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्या पार्ट्यांत आता तसंच करतात."

ते खरं होतं. की-बोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवता येतो आणि एक माणूस कमी लागतो. पण चाचांना पार्टीतून काढणं मला पटेना. त्यांचा दिवस दुकानात जायचा, पण दुकानाचा कारभार आता चाचीच बघत होत्या. त्यांचं असं म्हणावं ते या स्टेजवरचं दीड-दोन हातांचं ठिकाण होतं. मला वाटलं, त्यांना त्या बारीक बटणाबद्दल सांगावं. मग ते मातीचा नाद सोडतील, कार्यक्रम वेळेवर सुरू होईल आणि त्यांची जागा राहील. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि सांगितलं.

चाचा एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होते. त्यांनी डझन पुरा केला, बाईला पाणी दिलं, ती गेल्यावर गादी झटकली.

"कुणी सांगितलं?"

"साउंडवाल्यानं. त्यानंच केलंय ते."

"म्हंजे लोकांनी माझी मशीन ऐकलीच न्हाई?"

"गिटार ऐकली, चाचा. बटणं नाही ऐकली."

ते गादीवर राहिलेल्या बांगड्या रंगाप्रमाणे लावायला लागले. आपण बोललो हे चुकलं असं वाटून मी उठणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे अजून ऐकायचीच हाय त्यांनी! जळकोटला पोस्ट करू. बगच तू."

मी तशीच घरी आले.

जळकोटला त्यांनी दादाला हात जोडून फक्त त्या दिवसापुरती मुदत मागितली. दादाने दिली, कारण काहीही झालं तरी वय मोठं. चाचांनी त्या दिवशी टाच आपटली, दोन्ही टाचा आपटल्या, माती जिभेला लावून पाहिली. मुरूम आवाज फेकून देतो म्हणून बेस भरपूर वाढवला, भांडखोर लो-मिडला पार तळाला दाबला. मग मागे हात घालून ते बारीक बटण पोस्टला केलं आणि साउंडवाल्याकडे बघून मान हलवली. त्याने कपाळाला हात लावला.

पहिला स्वर वाजला आणि मंडपाची झालर थरथरली. दुसऱ्याला पाहुण्यांच्या टेबलावरचे स्टीलचे ग्लास सरकायला लागले. दादाने तोंड उघडलं, पण शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत. नुसतं घूं घूं. ढोलकी गेली, ऑक्टोपॅड गेला, समोरच्या बायकांनी कानांवर पदर घेतले. एक म्हातारा उठून छताकडे बघायला लागला. साउंडवाला मिक्सरवरून दोन्ही हात हलवत होता. चाचा वाजवत राहिले, डोळे मिटून. कडव्याच्या मध्यावर त्यांनी डोळे उघडले, समोर पाहिलं, आणि उजवा हात मागे नेऊन ते बटण स्वतःच पुन्हा प्रीला केलं.

आवाज एकदम स्वच्छ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी पुढचा सगळा कार्यक्रम बिनचूक वाजवला.

परत येताना चाचा पुढच्या सीटवर. मशीन मांडीवर, गवसणी नीट घातलेली. शेवटी चाचा म्हणाले, "म्हंजे आजवर लोकांनी माझी बोटं ऐकली. मशीन न्हाई." हे ते दुःखाने म्हणाले की समाधानाने, ते मला कळलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि अंधारात ते कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

पुढच्या कार्यक्रमाला ते माती बघायला गेले नाहीत. सगळी बटणं घड्याळातल्या बाराच्या काट्यांसारखी सरळ उभी केली आणि हात बांधून उभे राहिले. स्टेज हातात येताच पहिलं गाणं सुरू झालं. आयोजक खूश. त्याच्या पुढच्या कार्यक्रमालाही तसंच. चाचांची जागा शाबूत राहिली, म्हणजे मला जे हवं होतं ते झालं. फक्त दादाला गाता येईना. सूर लागत होता, शब्द पाठ होते, पण तो सारखा मागे वळून बघायचा, पाण्याची बाटली तोंडाला लावायचा, कडवं आटोपतं घ्यायचा. असे दोन-तीन कार्यक्रम गेल्यावर एका संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "पायाखाली काहीच नसल्यासारखं होतंय गं."

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चाचांच्या खोक्याच्या बरोबर पुढे दादा उभा असायचा. त्यांनी मातीसाठी म्हणून पाऊण तास खपून जो आवाज लावला, तो मंडपात कुणी ऐकला नसेल, पण एका माणसाने रोज पाठीवर घेतला होता, आणि त्याच्यावरच तो गात आला होता.

दादाला माघार घ्यायला जमत नाही. त्याने ती घेतली, पण आपल्या पद्धतीने. "चाचा," तो म्हणाला, "ते मातीचं काय असंल ते करा तुमचं. पण गाणं वेळेवर सुरू व्हायला पायजे."

"दोन्ही कसं व्हईल?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा डावा हात हाय की. तुमचं होईतवर ही सांभाळंल."

तेव्हापासून आमची रीत अशी ठरली. पहिलं गाणं सुरू व्हायचं, बेस माझ्या डाव्या हातात. मागे चाचा मशीनसमोर उकिडवे, मिक्सरवर त्यांची वायर बंद, मास्टर अगदी बारीक करून, कान खोक्याला लावून. त्यांचं झालं की ते उठून हात वर करायचे, मी डावा हात उचलायचे आणि तिथून पुढे ते. लोकांना सांधा कळू नये अशी त्यांची अट होती, म्हणून त्यांनी मला आपलं वाजवणं शिकवायला घेतलं. "घाई नक्को. सम आली म्हणून लगेच पडायचं न्हाई. तिला जरा वाट बघू दे." मी शाळेत मुलांना रागावते त्याच्यापेक्षा जास्त बोलणी मी त्या डाव्या हाताच्या पायी खाल्ली.

सुरुवातीला पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला त्यांचा हात वर व्हायचा. पुढे ते पहिलं गाणं पुरं माझ्याकडे राहायला लागलं. मग दुसरंही. दादा हसून म्हणायचा, माती बिघडत चालली आहे. मीही हसायचे. माझं लग्न झालं, मी लातूरला गेले, तिथून थेट कार्यक्रमाच्या गावी यायला लागले, आणि येईन तेव्हा चाचांचा वेळ आणखी वाढलेला असायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आले तेव्हा बांगड्या भरायला त्यांच्या दुकानात गेले. चाची नमाजाला आत गेल्या होत्या, म्हणून चाचांनीच माझा हात हातात घेतला. पहिली बांगडी फुटली. चाचांच्या हातून बांगडी फुटलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी काच बाजूला केली, दुसरी घेतली. तीही फुटली. माझा अंगठा मुडपून धरायला त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांत जोरच नव्हता. बोटं थरथरत होती आणि एक तर वाकतच नव्हतं. बेस गिटारच्या जाड तारा डाव्याच हाताने दाबाव्या लागतात.

"कधीपासून, चाचा?"

"मातीत काय बी न्हाई, बेटी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मशीन पयल्या गाण्यातच लागती. मी बोटांची वाट बघून राहिलो असतो. कधी येतात, कधी येत न्हाईत." मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "दादाला सांगू नक्को. खाली बसवंल मला."

मी दादाला सांगितलं. ज्याने एकदा त्यांना खाली बसवायची भाषा केली होती त्याच्यापासून लपवून पुढचा कार्यक्रम करणं मला झेपलं नसतं. दादा गाडी पुसत होता. तो फडकं पिळत राहिला. "मशीन लागायला वेळ लागतोच," तो म्हणाला. "लागू दे."

मग तो हंगाम तसाच गेला. दादा कलाकारांची ओळख करून देताना 'बेस गिटारवर आमचे चाचा' म्हणायचा, चाचा गळ्यात गिटार अडकवून उभे राहून आदाब करायचे, आणि पुन्हा मशीनसमोर बसायचे. कधी पाचव्या-सहाव्या गाण्याला हात वर व्हायचा. मग दोन गाणी ते वाजवायचे, आणि मी बघितलं आहे, दादा ती दोन गाणी डोळे मिटून गायचा. बाकी वेळ ते बटणं फिरवत. मिक्सरवर साउंडवाला एरवी सगळ्यांची चेष्टा करायचा, पण त्याने एकदाही तोंड उघडलं नाही.

मग एकदा कंधारला हात वर झालाच नाही. शेवटचं गाणंही माझ्याच डाव्या हाताने संपलं. लोक पांगले, आम्ही वायरी गुंडाळायला लागलो, आणि एक वयस्क माणूस स्टेजच्या पायऱ्या चढून वर आला. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. आमचा एकही कार्यक्रम न चुकवणारा म्हणून तो आम्हाला माहीत होता. दादाला ओलांडून, ढोलकीवाल्याला ओलांडून तो सरळ चाचांकडे गेला. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"चाचा, आज तुमचा बेस लई गोड लागला. हितं वाजून राहिला व्हता, हितं," त्याने छातीवर हात ठेवला.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होते, ती तशीच हातात राहिली. ते हो म्हणाले असते तर आम्ही कुणीच काही बोललो नसतो.

"मी न्हाई वाजवला," चाचा म्हणाले. "एक बी गाणं न्हाई. सगळं हिनं वाजवलं, डाव्या हातानं. मी नुसता बसून व्हतो."

कंडक्टर मोठ्याने हसला. "काय थट्टा करता गरिबाची! मी काय आजच ऐकून राहिलो का तुम्हाला? तुमचा हात मला कळत न्हाई व्हय?" त्याने चाचांचा तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

चाचा तो पार मंडपाबाहेर जाईपर्यंत बघत होते. मग त्यांनी गळ्यातली गिटार काढली, मशीनला गवसणी घातली आणि ती उचलून माझ्या पुढ्यात आणून ठेवली.

"मग मी घरी बसलो तरी चालंल," ते म्हणाले.

"नाही चालणार, चाचा."

"चालंल, बेटी. ऐकलं न्हाई का तू, काय म्हणला त्यो?"